दशांश आणि सासूबाईंच्या गोळ्या

“आमची दोघांची कमाई 30,000. त्यातून दर महिन्याला दशांशाचे, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्शाचे, 3,000 काढते. पण त्यापायी गेले दोन महिने सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या अर्ध्याच आणल्या. सासरे नाहीत, त्या आमच्याकडेच असतात. मालकांना यातलं काही माहीत नाही. दशांश चुकला की घरावरचा आशीर्वाद जातो, असं प्रार्थनासभेत ऐकलंय. माझा विश्वास कमी पडतोय का?” – एक भगिनी, कसबा बावडा

ताई, विश्वास कमी पडत नाही. पोटाला चिमटा काढून देणाऱ्या बाईला असं कुणी म्हणू नये. पण आधी गोळ्या. आजच पूर्ण आणा. बीपी वाढलेलं कळतही नाही आणि एक दिवस थेट पक्षाघात होतो. दोन महिने अर्धीच मात्रा गेली, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते मात्रा वाढवतील. बहुतेक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. चिठ्ठी दाखवून विचारा.

आता दशांश. सभेत बायबलमधलं मलाखी 3:10 वाचतात: सगळा दशांश भांडारात आणा, म्हणजे मी आशीर्वादाचा वर्षाव करीन. त्याच्या जोडीला अनुवाद 14:28-29 वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा, असा तिथे नियम आहे. तुमच्या सासूबाई त्याच यादीत बसतात. मार्क 7 मध्ये तर येशू याहून कडक बोलतो. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो सुनावतो, की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. तुम्ही हात झटकलेले नाहीत, तुम्ही घाबरलात. पण पैसा गेला तो त्याच वाटेने.

प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा रक्कम ठरवून दिली नाही, दिवस ठरवून दिला: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढावं (1 करिंथ 16:2). आणि 2 करिंथ 8:12 मध्ये लिहिलं, की मनाची तयारी असली तर माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही.

म्हणून पगाराच्या दिवशी दोघांनी वही घेऊन बसा. भाडं, किराणा, शाळा, हप्ता, औषधं लिहा आणि उरेल त्यातून आकडा ठरवा. 400 निघाले तर 400. चार रविवारांची 100-100 ची चार पाकिटं त्याच दिवशी भरून ठेवा; महिनाअखेरीला काढायला गेलात तर किराण्याची उधारी आडवी येते. हप्ता फिटला की आकडा वाढवा, दहाव्या हिश्शापर्यंत जरूर न्या. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे येशूने लोकांत मिरवणाऱ्यांसाठी सांगितलं. नवऱ्यापासून लपवण्यासाठी नव्हे. आजवर काय झालं तेही त्यांना सांगा. रागावतील. पण अर्ध्या गोळ्यांचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे बरं.

पैशाशिवायही देता येतं. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका रोजच्या स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, बाजूला काढतात. एक मूठ साधारण 50 ग्रॅम, म्हणजे एकवेळची मूठ धरली तरी महिन्याला दीड किलो होतात. डबा कोरडा हवा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, नाहीतर टोके होतात. किंवा महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा. तिथे पेशंटजवळ बसलेल्या गावाकडच्या माणसांना चार भाकरी आणि झुणक्याचा डबा फार मोलाचा असतो.

आणि एक. तुमच्या मंडळीत देणाऱ्यांची नावं रकमेसह वाचून दाखवत असतील, तर कमी देणाऱ्याला रविवार नकोसा होतो. अशा लाजेतूनच गोळ्या अर्ध्या होतात. पाकिटावर नावाऐवजी नंबर असावा, पैसे उपासनेनंतर लगेच दोघांनी मिळून मोजावेत, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात, आणि वाचायचीच तर एकूण रक्कम वाचावी. हे दोघांनी मिळून पाळकांना आणि वडीलमंडळाला सांगा. तोंडी जमत नसेल तर अर्ज लिहून सेक्रेटरींकडे द्या.