सोन्याचं युग की सोन्याचा मुलामा?

एका वाचकाने विचारलं आहे: 'अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका अनुवादित लेखात "सुवर्णयुगात लोकानुनयी शेतकऱ्यांनी बंड पुकारलं" असं वाक्य आलं. मूळ शब्द "गिल्डेड एज" आणि "पॉप्युलिस्ट" होते. सुवर्णयुग असेल तर शेतकरी बंड कशाला करतील? हे प्रतिशब्द बरोबर आहेत का?'

शंका अगदी रास्त आहे. दोन्ही शब्द चुकले आहेत, आणि पहिल्याने तर अर्थच उलटा केला आहे.

सुवर्णयुग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचा धूर निघत असलेला काळ येतो. 'गोल्डन'साठी हा शब्द चालेल. 'गिल्डेड' म्हणजे मात्र सोन्याचं पाणी चढवलेलं: वर सोनं, आत दुसरंच काही. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर या दोघांनी मिळून लिहिलेल्या १८७३ च्या कादंबरीचं हे नाव. तिचा विषय जमिनीचे सट्टे आणि वॉशिंग्टनमधली लाचखोरी. पुढे इतिहासकारांनी तेच नाव साधारण १८७० पासून शतकअखेरपर्यंतच्या काळाला दिलं. म्हणजे नाव मुळातच टोमणा होता. 'सुवर्णयुग' लिहिलं की टोमण्याची स्तुती होते.

मग मराठीत काय लिहावं? 'बेगडी युग' हा पर्याय मी वाचला आहे. बेगड म्हणजे मखराला लावतात तो चकचकीत पातळ पत्रा. बेगडी म्हणजे पोकळ, दिखाऊ. पण तो काळ पोकळ नव्हता. लोहमार्गांचं जाळं खंडभर पसरलं, पोलादाचे कारखाने उभे राहिले, गहू आणि कापूस अमाप पिकला. आतला धातू खरा होता, जड होता. तो मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी घडवला होता. त्याच्यावर चढवलेला थर तेवढा सोन्याचा, आणि तो फार थोड्यांच्या वाट्याला आला. हे सगळं पेलणारा शब्द आपल्याकडे तयार आहे: मुलामा. मूळ अरबी, 'लमअ' म्हणजे चमकणे या धातूपासूनचा. मुलामा म्हटलं की आत वेगळा धातू आहे हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'पितळ उघडं पडणं' हा आपला वाक्प्रचारही त्याच घरातला. म्हणून माझा कौल 'मुलाम्याचं युग' याला. 'सुवर्णलेपित युग' चूक नाही, पण त्या शब्दाला कुणाच्या तोंडची चव नाही.

पितळ उघडं पडल्याची उदाहरणं तर त्या काळात पावलोपावली आहेत. न्यूयॉर्कमध्ये शहराचं राजकारण मुठीत ठेवणाऱ्या बॉस ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीने न्यायालयाची इमारत बांधली. अडीच लाख डॉलरांचा अंदाज होता, खर्च एक कोटीच्या पलीकडे गेला. गिलावा करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या नावावर दोन दिवसांच्या कामाचे एक लाख तेहतीस हजार डॉलर दाखवले होते. मुलाम्याच्या युगाचं इतकं चपखल चित्र कल्पनेतून सुचलं नसतं: भिंतीवरच्या थरालाच सोन्याचा भाव! ट्वीड १८७८ मध्ये तुरुंगात वारला. तिकडे युनियन पॅसिफिक लोहमार्गाच्या बांधकामात क्रेडिट मोबिलिए या कंपनीचे शेअर संसदेच्या सदस्यांना स्वस्तात वाटले गेले होते. ते प्रकरण १८७२ मध्ये बाहेर आलं.

आता शेतकऱ्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. दक्षिणेतला कापूसवाला पेरणीआधीच दुकानदाराकडून उधारीवर दाणागोटा उचले आणि उभं पीक गहाण टाके. याला 'पीक धारणाधिकार' असा सरकारी प्रतिशब्द कशाला हवा? 'पीकगहाण' म्हणा, दख्खनच्या वाचकाला लगेच कळेल. त्याला ते कळण्याचं कारणही जुनं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला तेव्हा आपल्याकडे भाव चढला, युद्ध संपल्यावर कोसळला. आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्या कर्जबाजारीपणात या घसरणीचाही वाटा होता.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं दुखणं तर थेट सोन्याशीच निगडित होतं. १८७३ च्या नाणे कायद्याने चांदीचा प्रमाण डॉलर पाडणं थांबवलं (कादंबरीचंही वर्ष तेच). पैसा सोन्याला बांधला गेला, टंचाई झाली, भाव उतरत गेले. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बुशेल या मापाला डॉलरच्या आसपास असलेला गहू १८९४ मध्ये पन्नास सेंटच्या घरात आला. कर्जाचा आकडा तोच, पण फेडायला दुप्पट गहू. वर लोहमार्गाचं भाडं कंपनी सांगेल ते. अशा माणसाच्या काळाला सुवर्णयुग म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन या पुढाऱ्याने मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर खिळू नका, असं बजावलं. सोनं इथे वैभवाचं चिन्ह नाही, फासाचं आहे.

आता 'लोकानुनयी'. अनुनय म्हणजे मनधरणी. पुढारी लोकांना खूश करायला बोलतो तेव्हा लोकानुनय होतो. पण १८९१ च्या सुमारास कॅन्ससमध्ये 'पॉप्युलिस्ट' शब्द घडला तो पीपल्स पार्टीच्या माणसासाठी, आणि त्या पक्षात शेतकरी स्वतःच 'लोक' होते. ते कुणाची मनधरणी करणार? ४ जुलै १८९२ ला ओमाहात त्यांनी जाहीरनामा मांडला. सरकारी अन्यायाच्या एकाच कुशीतून भटके आणि लक्षाधीश असे दोन वर्ग जन्मतात, असं त्यात म्हटलं होतं. उत्पन्नानुसार चढता आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, लोहमार्ग सरकारच्या ताब्यात, चांदीची नाणी अशा त्यांच्या मागण्या होत्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी १९१३ मध्ये घटनादुरुस्त्या झाल्या. त्यांच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हर यांना, १८९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांवर मतं पडली. आणि त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टला व्हँडरबिल्ट या लोहमार्गवाल्या धनाढ्य घराण्यातल्या एकाचा 'मार्बल हाउस' हा महाल उघडला, एक कोटी दहा लाख डॉलर खर्चून. तिथल्या नाचाच्या दालनाच्या भिंतींवर खरोखरच सोन्याचा वर्ख चढवलेला आहे.

आजच्या राजकारणातल्या 'पॉप्युलिझम'ला लोकानुनय म्हणायला माझी हरकत नाही. पण त्या शेतकऱ्यांसाठी 'पॉप्युलिस्ट' तसाच ठेवावा किंवा 'लोकपक्षाचे' म्हणावं. तेव्हा तुम्ही दिलेलं वाक्य मी असं लिहीन: 'अमेरिकेच्या मुलाम्याच्या युगात लोकपक्षाच्या शेतकऱ्यांनी बंड पुकारलं.'