कर्नेल टायमर: सुरुवातीला एवढे सांभाळा

लिनक्स ड्रायव्हरमध्ये प्रथमच टाइमआउट (ठरावीक वेळ संपल्यावर करायची कृती) लिहीत असाल, तर अतिसूक्ष्म वेळ मोजणारा हाय-रिझोल्यूशन टायमर तूर्त बाजूला ठेवा. साध्या टायमरने तुमचे काम नक्की भागेल.

- जिफीजची (कर्नेलच्या टिकांसोबत वाढत जाणाऱ्या आकड्याची) तुलना थेट न करता 'टाइम_आफ्टर' हा तुलनेचा मॅक्रो वापरा, कारण हा आकडा भरला की पुन्हा शून्यावर येतो. थेट तुलनेची चूक लवकर उघडी पडावी म्हणूनच ३२-बिट यंत्रांवर तो बूटनंतर ५ मिनिटांत उलटेल असा मुद्दाम ठेवलेला आहे.
- कॉलबॅकमध्ये (वेळ संपल्यावर टायमर चालवतो त्या फंक्शनमध्ये) म्युटेक्स घेऊ नका; हे लॉक मिळेपर्यंत झोपावे लागू शकते आणि कॉलबॅकमध्ये झोपता येत नाही. तसे काम वर्कक्यूकडे, म्हणजे झोपता येईल अशा ठिकाणी नंतर कामे चालवणाऱ्या रांगेकडे, सोपवा.

सर्वांत घातक चूक म्हणजे टायमर चालू असतानाच त्याची मेमरी मोकळी करणे. आधी टायमर कायमचा थांबवणारे 'टायमर_शटडाउन_सिंक', मगच मेमरी मोकळी करणारे 'केफ्री'. मात्र कॉलबॅकला लागणारे लॉक धरून 'टायमर_शटडाउन_सिंक' बोलावल्यास ते कॉलबॅक संपण्याची आणि कॉलबॅक त्या लॉकची वाट पाहत अडकून पडतील.