आय-५ ४४६० प्रोसेसरवाला जुना पीसी, बजेट १५ हजार, आधी काय बदलू?

भाऊ, नव्या पिढीच्या प्रोसेसरच्या नादी लागू नको, बोर्ड डीडीआर३ चा, म्हंजे जुन्या प्रकारच्या रॅमचा आहे म्हणून बोर्ड अन् रॅम दोन्ही बदला लागते, पैसे तिथंच खलास. पहिले साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा फास्ट स्टोरेज) टाक, अन् ८ जीबीची एकच रॅम असन तर तशीच दुसरी लाव, ड्युअल चॅनेल होते, म्हंजे दोन्ही रॅम सोबत चालून स्पीड वाढते. ग्राफिक्स कार्ड सेकंडहॅन्ड जीटीएक्स १६५० पाय, ७५ वॉटचं आहे, बऱ्याच मॉडेलले वेगळी पॉवर पिनही लागत नाही.

पण एसएमपीएस (पीसीले पॉवर देणारा डबा) लोकल ठेवू नको रे, आमच्याकडं लाइट येते-जाते तशात माह्या एसएमपीएसनं जाता जाता बोर्डही नेला. अन् प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदल अन् त्याले थंड ठेवणारं हीटसिंकही साफ कर, माह्या हीटसिंकमधून कापसाचा चक्क बोळा निघाला, घरातच कापसाची गंजी होती ना!