जपून ठेवलेल्या नाळेच्या रक्ताने मुलीचा दमा बरा होईल का?

तुमची मुलगी ७ वर्षांची, दमा आहे, आणि जन्मावेळी नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय. त्याचा दम्याला उपयोग नाही. त्या रक्तात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) असतात. थॅलेसेमिया, ल्युकेमियात अशा पेशींचं प्रत्यारोपण होतं, तेही बहुधा दुसऱ्याच्या. दम्यावरचं संशोधन चाललंय ते मेसेन्कायमल पेशींवर, म्हणजे हाड, चरबी, कूर्चा घडवू शकणाऱ्या वेगळ्या मूलपेशींवर. त्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेच्या गरातून मिळतात, नाळेच्या रक्तात अगदी तुरळक.

या पेशी नवी श्वासनलिका बांधत नाहीत. शिरेतून दिल्या की बहुतेक फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. तेवढ्यात त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२, टीजीएफ-बीटा वगैरे दाह आवरणारी रसायनं सोडतात. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, ॲलर्जीचा दाह पेटवणारे आयएल-४, ५, १३ हे संदेशवाहक रेणू आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. उंदरांत हे अनेकदा दिसलंय. पण उंदराला दमा आपणहून होत नाही. अंड्यातलं प्रथिन टोचून, मग हुंगवून तो काही आठवड्यांत घडवतात, आणि बऱ्याच प्रयोगांत पेशी आजार मुरायच्या आतच देतात. मुलांचा दमा सर्दीच्या विषाणूंनी आणि गादीतल्या धूळकिड्यांनी वर्षानुवर्षं पोसलेला असतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडून मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कोणी सुचवलंच तर सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. उपचाराचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

आणि ‘इम्युनिटी वाढवायला’ म्हणून काही देऊ नका. दम्यात ती कमी नसते, भलत्या गोष्टीवर भडकलेली असते. ती आवरण्याचं काम स्टेरॉइडचा पंप करतो. पंप प्रत्येक वेळी हलवा, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायची पोकळ नळी) एकावेळी एकच पफ, मग ५-६ साधे श्वास. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने, नंतर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पंपाचा परिणाम जाणवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, नेमकं तेव्हाच पुष्कळ घरांत पंप बंद होतो. उंचीची धास्ती असेल तर: अनेक वर्षं रोज घेतल्यास प्रौढ उंचीत साधारण १ सेंमीचा फरक पडू शकतो.

रोज नीट घेऊनही झटके येत राहिले, तर ओमालिझुमॅब या आयजीईला (ॲलर्जीची प्रतिपिंडं) अडवणाऱ्या औषधाबद्दल बालफुप्फुसतज्ज्ञांना विचारा. ॲलर्जीच्या तीव्र दम्यात ते ६ वर्षांपासून देतात. वजन आणि रक्तातली आयजीई पाहून डोस ठरतो, दर २ किंवा ४ आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन.