‘फक्त शिक्षणासाठी’ लिहिलं म्हणून टिप्स देणारा सुटत नाही

प्रश्न : मी भांडुपला राहते. यूट्यूबवरच्या एका ‘सरां’चा 25,000 रुपयांचा कोर्स घेतला. टेलिग्रामवर ते रोज बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाचे) कॉल, म्हणजे काय, किती भावाला घ्यायचं ते, द्यायचे. चार महिन्यांत ऑप्शन्समध्ये (भाव पुढे वर जाईल की खाली, यावरच्या सौद्यांत) माझे 1,80,000 रुपये बुडाले. आता म्हणतात, ‘सगळं शिक्षणासाठी होतं, तुम्ही फॉर्मवर टिक केलंय.’ भावोजींनाही मीच जोडलं, त्याचे मला 500 रुपये मिळाले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, रागाच्या भरात तो ग्रुप सोडू नका. तारखा दिसतील असं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. चॅनेल पुसलं गेलं तर तुमची अर्धी केस जाईल.

त्या टिकचा धाक बाळगू नका. ‘सीई (कॉल ऑप्शन) 180 ला घ्या, स्टॉपलॉस 150, टार्गेट 240’, म्हणजे कितीला घ्यायचं, कितीवर तोटा थांबवायचा, कितीवर नफा घ्यायचा, हे शिकवणं नव्हे, हा सल्ला आहे, आणि पैसे घेऊन तो द्यायचा तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ हे यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्याने कोर्सच्या नावाखाली हेच केल्याचं सेबीने अंतरिम आदेशात म्हटलं आणि 17 कोटींहून अधिक रक्कम वेगळ्या खात्यात भरायला लावली.

आता ‘सरां’चं म्हणून तुम्ही पाठवलेलं सेबी नोंदणीचं प्रमाणपत्र. आयएनएच या अक्षरांनी (ती रिसर्च अॅनालिस्टच्या नोंदणीची) सुरू होणारा त्यावरचा क्रमांक मी सेबीच्या संकेतस्थळावर तपासला. क्रमांक खरा आहे, पण तो भलत्याच माणसाच्या नावावर आहे. आणि तुमच्या जीपेच्या पावतीवर तिसरंच नाव! क्रमांक खरा असून भागत नाही. क्रमांक ज्याच्या नावावर, बोलणारा तोच हवा आणि पैसेही त्याच्याच खात्यात जायला हवेत. तुमची केस इथे भक्कम होते, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरणं ही उघड फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी (ऑनलाइन दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक) लागू शकतं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सेबीला पत्र लिहा. ज्याचा क्रमांक वापरला त्यालाही कळवा, तो स्वतःच तक्रारीला उभा राहील.

कोर्सच्या 25,000 साठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या रकमेला तिथे फी नाही. 1,80,000 बद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. ते सौदे तुमच्या खात्यातून, तुमच्याच बोटाने झाले. ती भरपाई अवघड आहे. सेबीच्याच 2024 च्या पाहणीत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर एफअँडओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) तोट्यात निघाले होते. तेव्हा ‘गेलेलं काढू’ म्हणून आणखी एकही सौदा करू नका.

भावोजींची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही स्वतः फसून त्यांना जोडलंत, तोवर तुमचा हेतू वाईट नव्हता. पण आज कळल्यावर गप्प राहिलात तर तो बचाव उरणार नाही. ते 500 त्यांना परत द्या आणि सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा. उद्या बाजार उघडायच्या आत.