पैसे कोण देतो, ते आधी बघ

निगडी, पुणे
रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. तू पुण्यातल्या कन्सल्टन्सीवाल्यांना बायोडेटा पाठवलास म्हणून तणतणत होते. ‘दलालामार्फत नोकरी? आपण काय बाजारात बैल नेलाय?’ मी हो-ना करत फोन ठेवला. या विषयावर त्यांच्याशी वाद घालायचा हक्क मला नाही. का नाही, ते तुला ठाऊक नसेल.

1989 साली आम्ही दोघं सदाशिव पेठेत एका खोलीत राहायचो. त्यांना नोकरी लागली होती, मी मोकळा होतो. जवळच एका जिन्याखाली नोकरी मिळवून देणारं ऑफिस होतं. नोंदणी फी दीडशे रुपये. पावती मिळाली, तिच्यावर गोल शिक्काही होता. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर दाराला कुलूप, आणि जिन्यावर माझ्यासारखेच सात-आठ जण बसलेले. ते दीडशे रुपये तुझ्या बाबांचे होते. त्यांनी ते कधी मागितले नाहीत आणि विसरलेही नाहीत.

पुढे मी स्वतःच माणसं भरायच्या कामाला लागलो. आधी दारावर ‘पर्सोनेल’ लिहिलेलं होतं, मग ‘एचआर’ आलं. भोसरीत आणि नंतर चाकणला मिळून जवळजवळ तीस वर्षं काढली. कन्सल्टंटची बिलं माझ्या सहीनं निघायची. तेव्हा कळलं की जिन्याखालच्या त्या माणसात आणि खऱ्या एजन्सीत फरक एकाच गोष्टीचा असतो: पैसे कोण देतो. उमेदवाराकडून फी घेणाऱ्याचा धंदा फी घेतली तिथेच संपतो. कंपनीकडून घेणाऱ्याचा धंदा माणूस कामावर रुजू झाल्यावर सुरू होतो.

बिलाचा हिशोब सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. तुझ्यासारख्या जागांसाठी बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, 8.33 टक्के असा दर चालतो. म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. तुझं पॅकेज 4,80,000 चं ठरलं तर एजन्सीला साधारण 40,000 मिळणार, वर जीएसटी. तेही तू रुजू झाल्यावर. दोन-तीन महिन्यांत तू सोडून गेलीस तर बदली माणूस फुकटात द्यायची अट करारात असते. त्यामुळे तुला भलत्याच जागी ढकलणं एजन्सीवाल्याच्याच अंगाशी येतं.

म्हणजे तो माणूस कंपनीचा, तुझा नव्हे. हे वाचून बाबा म्हणतील, बघ, मी काय म्हणत होतो! पण तो कंपनीचा आहे म्हणूनच तुझ्या उपयोगाचा आहे. कंपनीत त्याचा फोन उचलतात. तुझा कोण उचलणार?

तू पोर्टलवर दोनशे अर्ज केलेस आणि एकाचंही उत्तर आलं नाही म्हणालीस. मनाला लावून घेऊ नकोस. क्वालिटी इंजिनीअरची जागा टाकली की दोन दिवसांत अर्जांचा ढीग पडायचा. मी वरचे पन्नास-साठ बघायचो, तोवर प्रॉडक्शनवाला दारात उभा: साहेब, माणूस कधी देताय? बाकीचे अर्ज मी उघडलेच नाहीत, हे आज रिटायर झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. कन्सल्टंट पाचच बायोडेटा पाठवायचा, आणि ते पाचही मी वाचायचो. नाही वाचले तर दुपारी चारला त्याचा फोन ठरलेला.

शिवाय काही जागा पोर्टलवर येतच नाहीत. खुर्चीत अजून कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याला सुगावा लागू द्यायचा नसतो. किंवा नवीन लाइन टाकायची असते आणि शेजारच्या कंपनीला कळू द्यायचं नसतं. अशा जागा आम्ही एका-दोघा विश्वासातल्या कन्सल्टंटना तोंडी सांगायचो.

आता तुझा बायोडेटा. गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये दोन वर्षं काढलीस, आणि लिहिलंयस काय तर ‘इन्स्पेक्शनचा अनुभव’. फोनवर मात्र सांगितलंस की कास्टिंगमधल्या ब्लो-होलच्या (हवेच्या पोकळीच्या) तक्रारीवर एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल, तू लिहिलास, पीपॅपची, म्हणजे नवीन पार्टच्या मंजुरीची, फाइल तू लावलीस, सीएमएम या मापाच्या मशीनवर रोज मोजमापं घेतेस. हे कागदावर कुठे आहे? गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना आयएटीएफ 16949 या क्वालिटी स्टँडर्डचं ऑडिट द्यावं लागतं, त्यांना नेमकी हीच कामं येणारी माणसं हवी असतात. एजन्सीतली मुलगी पोर्टलवर हेच शब्द टाकून शोधते. तिला अलीकडे प्रोफाइल उघडलेले उमेदवार आधी दिसतील अशी चाळणीही लावता येते. त्यामुळे दर आठवड्याला तिथली एखादी तरी ओळ हलव. चांगला कन्सल्टंट हे सगळं पहिल्याच फोनवर सांगतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.

दुसरा फायदा मला मुलींच्या बाबतीत फार जाणवला. कंपनीची बस कुठून सुटते, सेकंड शिफ्ट संपल्यावर घरापर्यंत सोडतात का, शॉपफ्लोअरवर बायकांसाठी टॉयलेट आहे की ऑफिसच्या इमारतीत जावं लागतं, हे इंटरव्ह्यूत विचारायला मुली बिचकायच्या. न विचारता रुजू व्हायच्या आणि महिन्याभरात सोडायच्या. कन्सल्टंटला हे बेधडक विचार. तू महिन्यात सोडलंस तर नुकसान त्याचंही आहे, तो नीट चौकशी करून सांगेल.

पगाराचं बोलणंही त्याच्यामार्फत होऊ दे. ‘मॅडमना दुसरीकडून पाच लाखांची ऑफर आहे’ हे त्याच्या तोंडून सहज वाटतं. (ऑफर खरी असेल तरच हं.) मात्र तो किती ताणेल, तेही ओळखून राहा. तुझं पॅकेज 40,000 नं वाढलं तर त्याच्या पदरात 3,332 रुपये जास्त पडतात. तेवढ्यासाठी हातातला सौदा मोडायची जोखीम तो घेणार नाही. एखादा फोन करेल, दोन करेल, मग तुलाच म्हणेल, मॅडम, चांगली कंपनी आहे, हो म्हणून टाका. तेव्हा हो म्हणायचं की नाही, ते तू ठरव. त्याची घाई त्याच्या बिलाची असते.

आणि नकार आला तर? कंपनी तुला कारण कळवणार नाही, आम्ही कधी कळवलं नाही. कन्सल्टंटला मात्र दोन वाक्यांत सांगायचो, नाहीतर तो पुन्हा तसलाच माणूस पाठवायचा. एका मुलाबद्दल मी म्हटलं होतं, बोलतो छान, पण ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची (आकार-मापांच्या टॉलरन्सची) चिन्हं वाचता येत नाहीत. त्यानं ते मुलाच्या कानावर घातलं. सहा-सात महिन्यांनी तोच मुलगा आमच्या टूलरूमच्या इंटरव्ह्यूला आला. समोर ड्रॉइंग ठेवलं तर घडाघडा वाचलं. घेतला त्याला. तेव्हा नकारानंतर दोन दिवस थांब आणि फोन करून विचार, साहेब, नक्की कुठे अडलं?

धोके थोडेच आहेत, पण नडतात. कंपनीचं नाव कळल्याशिवाय कुणालाही बायोडेटा पुढे पाठवू देऊ नकोस. तुझाच बायोडेटा दोन एजन्सींकडून एकाच कंपनीत गेला तर फी कुणाची यावरून दोघं भांडतात. अशा वेळी मी एका पोरीचे दोन्ही बायोडेटा बाजूला ठेवून दुसराच उमेदवार बोलावलेला आहे. त्या पोरीचा काही दोष नव्हता. कोणाला कुठल्या कंपनीसाठी होकार दिला, तारीख घालून वहीत लिहून ठेव. दोन-तीन एजन्सी पुरेत, पण ऑटोमोबाईलमधल्या हव्यात. ‘वर्षभरात चाकण-तळेगाव पट्ट्यात क्वालिटीची माणसं कुठे लावलीत?’ असं विचार. उत्तराला ततपप झालं की पुढे चालू लाग.

दुसरा प्रश्न: रोल, म्हणजे पगारपट, कुणाचा? कंपनीचा की एजन्सीचा? आत काम तेच, गणवेश तोच, पण पगार एजन्सीच्या खात्यातून आणि करार अकरा महिन्यांचा, असं पुष्कळ चालतं. ते वाईटच असतं असं नाही, नवख्याला त्यातून पुढे वाट मिळते. पण तू समजून उमजून हो म्हण. ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघ, आणि पहिल्या पगारानंतर पीएफचे 12 टक्के खरोखर तुझ्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) जमा झाले का तेही बघ.

सध्याचा पगार खरा सांग. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. नंतर सॅलरी स्लिप मागतातच, आणि कुठे कधीपासून कधीपर्यंत होतीस ते पीएफच्या नोंदीत दिसतं. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायची नाहीत, दाखवायची आणि परत पिशवीत.

धाकट्याला मात्र एजन्सीच्या नादी लावू नकोस. नुकता डिप्लोमा झालेल्या पोरासाठी सहसा कुठली कंपनी कन्सल्टंटला महिन्याचा पगार मोजत नाही. म्हणजे त्याच्याकडे पैसे मागणारा भेटण्याचीच शक्यता जास्त. त्यानं अप्रेंटिसशिप धरावी.

बायोडेटा नव्यानं लिहून बुधवारपर्यंत मला पाठव. दोन पानांच्या वर नको, आणि जन्मतारखेखालचा तो ‘छंद: वाचन, संगीत’ काढून टाक.

तुझा,
काका

ता. क. तुझा आतेभाऊ कतारला जायचं म्हणतोय असं बाबांकडून कळलं. तिथला हिशोब वेगळा आहे. परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून फी घेता येते, पण 30,000 रुपये अधिक जीएसटी, याच्या वर नाही. चिपळूणचा तो एजंट लाख मागतोय म्हणे. ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर परवानाधारक एजंटांची यादी असते, तिच्यात त्याचं नाव सापडतं का ते आज रात्रीच बघा. पैसे अजून दिले नसतील अशी आशा आहे.