औदुंबर कशाचं प्रतीक? थांब जरा

'औदुंबर' वाचून तू पहिलाच प्रश्न विचारलास, झाड कशाचं प्रतीक? अरे, बालकवींच्या या कवितेत जेमतेम ८ ओळी आहेत. आधी चारदा मोठ्याने वाच. मग पेन्सिलीने रंगांखाली रेघा ओढ: हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. त्या वाटेने नजर आपसूक अंधारात उतरते. आता 'गोड काळिमा' बघ. काळिमा, आणि तो गोड? माझ्या मते अख्खी कविता या दोन शब्दांवर तोललेली आहे. उदास म्हणावं तर 'गोड' आडवं येतं, निवांत म्हणावं तर 'काळिमा'.

संदर्भ त्यानंतर. औदुंबर म्हटलं की आपल्याला दत्त आठवतात, नरसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांनी शमला ही गुरुचरित्रातली कथाही. पण हा औदुंबर पाण्यात पाय टाकून नुसता बसलाय, माणसासारखा. दत्त आणायचे तर ओळीतला पुरावा दाखव. मी कॉलेजात गाइडातून 'मृत्यूचं प्रतीक' उतरवून मोकळा झालो होतो. 'मग गोड का?' असं सरांनी विचारलं आणि माझी बोबडी वळली. तू तेवढा एक शब्द घेऊन पुन्हा बस, मग लिही.